टोकावरचा अणू

हवा विजेला सहसा वाट देत नाही, पण तिच्याही सहनशक्तीला मर्यादा आहे. एका सेंटिमीटरच्या फटीत सुमारे ३० हजार व्होल्टचा फरक पडला की कोरडी हवा फुटते आणि ठिणगी उडते. मीटरच्या हिशेबात हे विद्युतक्षेत्र ३० लाख व्होल्ट भरते. या प्रकरणात ज्या क्षेत्रांबद्दल सांगायचे आहे, त्यांतली काही क्षेत्रे याच्या पंधरा हजार पट आहेत : दर मीटरला साडेचार हजार कोटी व्होल्ट.

असा आकडा नुसता वाचून हाती काही लागत नाही. तो अणूच्या मापाने वाचावा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. म्हणजे आपले क्षेत्र दर नॅनोमीटरला ४५ व्होल्ट झाले. टंगस्टन धातूत शेजारी-शेजारी बसलेल्या दोन अणूंमध्ये पाव नॅनोमीटरपेक्षा थोडे जास्त अंतर असते. तेवढ्या अंतरात या क्षेत्रामुळे बारा व्होल्टचा फरक पडतो. आणि टंगस्टनच्या सुट्या अणूतून सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागतात साधारण आठ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बाहेरून लावलेले क्षेत्र इथे अणूच्या आतल्या बंधनांच्या बरोबरीला येऊन पोचते. धातूचा पृष्ठभाग मग निमूटपणे वीज वाहणारी वस्तू राहत नाही. त्याचे अणू सरकतात, उचलले जातात, उडून जातात आणि त्या ठिकाणचा आकारच बदलतो.

एवढे क्षेत्र आणायचे कुठून? दोन सपाट पत्र्यांमध्ये ते आणायचा प्रयत्न केला तर त्याच्या कितीतरी आधी सगळे जळून जाईल. उपाय आहे टोक. वाहकाचा जो भाग टोकदार, तिथे विद्युतभार दाटतो आणि क्षेत्रही दाटते. ढोबळ हिशेब असा, की सुईला दिलेल्या व्होल्टेजला तिच्या टोकाच्या त्रिज्येच्या पाचपटीने भागायचे. त्रिज्या ५० नॅनोमीटर असेल आणि सुईला ११ हजार व्होल्ट दिले, तर टोकाशी नॅनोमीटरमागे ४४ व्होल्टचे क्षेत्र तयार होते. आपल्याकडे गावातल्या डीपीपर्यंत येणारी लाइन ११ केव्हीचीच असते. म्हणजे व्होल्टेज काही जगावेगळे लागत नाही. जगावेगळे लागते ते टोक.

सुईला धन व्होल्टेज दिले की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन पृष्ठभागापासून किंचित आत ढकलले जातात. किती इलेक्ट्रॉन, याचे गणित सोपे आहे. नॅनोमीटरमागे ४५ व्होल्टच्या क्षेत्रासाठी पृष्ठभागाच्या दर चौरस नॅनोमीटरमधून अडीच इलेक्ट्रॉन कमी व्हावे लागतात. टंगस्टनच्या सर्वांत दाट रचलेल्या पृष्ठभागावर याचा अर्थ दर पाच-सहा अणूंमागे एक इलेक्ट्रॉन. हा तुटवडा सगळा वरच्या थरातच सोसला जातो. धातूत बाहेरचे क्षेत्र अणूच्या जाडीइतकेही खोल शिरत नाही, इलेक्ट्रॉन ते वरच्या वर अडवतात. म्हणून ओढही सगळी वरच्याच थरावर. आणि ती ओढ केवढी? हवेच्या दाबाच्या जवळजवळ ९० हजार पट. दाब म्हणताना आपण दाबल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. इथे दिशा उलटी आहे, ताण बाहेरच्या बाजूला आहे. सुईचे टोक चारी बाजूंनी बाहेर खेचले जात असते.

या ताणाखाली धातू काय करतो, हे डोळ्यांनी पाहण्याची सोय ज्या माणसाने केली त्याचे नाव एर्विन विल्हेल्म म्युलर. जन्म बर्लिनचा, १९११ चा. गुस्टाव्ह हर्ट्झ यांच्या हाताखाली शिकला आणि बर्लिनमध्येच सीमेन्सच्या संशोधनशाळेत असताना १९३६ मध्ये त्याने क्षेत्र-उत्सर्जन सूक्ष्मदर्शक बनवला. नाव मोठे असले तरी यंत्र अगदी साधे : निर्वात केलेला काचेचा फुगा, मधोमध टंगस्टनची सुई, समोर चमकणारा पडदा. भिंग नाही, आरसा नाही. सुईला ऋण व्होल्टेज दिले की टोकातून इलेक्ट्रॉन निसटतात आणि सरळ रेषेत पडद्याकडे जातात. टोक नॅनोमीटरांत, पडदा सेंटिमीटरांत. त्यामुळे टोकावरचा नकाशा पडद्यावर दहा लाख पटीने मोठा होऊन उमटतो. इलेक्ट्रॉन धातूच्या भिंतीतून पुंजयांत्रिकीच्या नियमाने आरपार निघतात, हे राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्येच दाखवून दिले होते. म्युलरने त्या परिणामाचे यंत्र केले.

पण इलेक्ट्रॉन निघतानाच थोडे आडवे भरकटतात, त्यामुळे चित्र पुसट येते. दोनेक नॅनोमीटरपेक्षा लहान काही वेगळे दिसत नाही, आणि अणू त्याहून कितीतरी लहान. इथे म्युलरच्या एका जुन्या निरीक्षणाचा उपयोग झाला. १९४१ मध्ये त्याच्या लक्षात आले होते, की सुईचे व्होल्टेज उलटे, म्हणजे धन केले आणि पुरेसे वाढवले, तर टोकावर चिकटलेले परके अणू उपटले जाऊन उडून जातात. म्हणजे विद्युतक्षेत्र एकट्याच्या बळावर पृष्ठभागावरून अणू काढू शकते. उपटलेले अणू आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, होऊन पडद्याकडे जात असतील, तर आयनांनीच चित्र का काढू नये? पृष्ठभागावरचे अणू मात्र मोजके. ते संपले की चित्र संपले. मग त्याने फुग्यात थोडासा वायू सोडला. १९५१ मध्ये बर्लिनच्या डालेम भागात क्षेत्र-आयन सूक्ष्मदर्शक तयार झाला. पुढच्याच वर्षी म्युलर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गेला.

तिथे ११ ऑक्टोबर १९५५ रोजी म्युलर आणि त्याचा पीएच.डी.चा भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांना पडद्यावर टंगस्टनचे अणू एकेक, सुटे दिसले. अणू ही कल्पना अडीच हजार वर्षांची. आपल्याकडे कणादाच्या परंपरेने ती मांडली, ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञ अणू खरेच असतात का, यावर वाद घालत होते. तो अणू वेगळा ठिपका म्हणून प्रथम पाहणाऱ्या दोन माणसांपैकी एक भारतीय होता. आपल्या शालेय पुस्तकांत मला हे नाव कधी भेटलेले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या दिवशी निर्णायक ठरल्या दोन गोष्टी : हेलियम वायू आणि थंडी. हेलियमच्या अणूला क्षेत्र किंचित ताणते, त्याची एक बाजू धन आणि दुसरी ऋण होते, आणि तो टोकाकडे ओढला जातो. टोकावर आपटतो, उसळी घेतो, पुन्हा ओढला जातो. असे करता करता त्याची ऊर्जा कमी होत जाते. धातूपासून अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास अंतरावर असताना त्याचा एक इलेक्ट्रॉन धातूत उडी मारतो. उरलेला हेलियम आता धन आयन झालेला असतो, आणि धन टोक त्याला लगेच दूर फेकते. पृष्ठभागावर जिथे अणू जरा वर आलेला असतो, तिथे क्षेत्र जरा जास्त, तिथे हेलियम जास्त आयन होतो आणि पडद्यावर तिथला ठिपका उजळतो. टोक उष्ण असेल तर आयन आडवे भरकटतात. म्हणून त्यांनी सुई अतिशीत द्रवाने कमालीची थंड केली आणि पुसट डागांचे स्वच्छ ठिपके झाले.

हे चित्र ज्याने एकदा नीट पाहिले तो ते विसरत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर वर्तुळांत वर्तुळे, आणि प्रत्येक वर्तुळ ठिपक्यांच्या माळेचे. घाटातल्या डोंगरउतारावर पायरीपायरीने शेती केलेली असते, ती वरून पाहिली तर बांधांच्या रेषा एकात एक गुंफलेल्या दिसतात. हे चित्र तसेच आहे. सुईचे गोल टोक म्हणजे अणूंच्या सपाट थरांची उतरंड. थराच्या मधले अणू एकमेकांत दडलेले असतात, ते दिसत नाहीत. कडेचे अणू उघडे असतात, ते चमकतात. आपल्याला दिसते ती प्रत्येक थराची कड.

आता मूळ मुद्दा. हे क्षेत्र अणू दाखवते तसेच ते अणू हलवते. दाखवणे आणि घडवणे ही त्याची दोन कामे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, आणि पुढचे सगळे शास्त्र या अडचणीतून उभे राहिले आहे.

सुई कशी बनवतात ते जवळून पाहू. टंगस्टनची तार घ्यायची, जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तिचे टोक कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवायचे आणि तारेतून वीज जाऊ द्यायची. द्रावणाच्या पातळीपाशी तार सर्वांत वेगाने झिजते. तिथे मान तयार होते, मान बारीक होत जाते, आणि एका क्षणी खालचा तुकडा स्वतःच्या वजनाने तुटून पडतो. त्याच क्षणी वीज बंद व्हायला हवी. जरा उशीर झाला की टोक बोथट. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली अशी सुई छान टोकदार दिसते. अणूच्या पातळीवर मात्र ती ओबडधोबड असते : ऑक्साइडचा पापुद्रा, खड्डे, टेंगळे. यंत्रात बसवून व्होल्टेज चढवायला लागले, की पडद्यावर सुरुवातीला दोन-चार अस्ताव्यस्त तेजस्वी डाग दिसतात. ही टेंगळे. व्होल्टेज आणखी वाढवले की डाग लुकलुकतात आणि एकेक करून नाहीसे होतात. त्यांच्या जागी हळूहळू वर्तुळे उमलू लागतात.

कुणी सुई घासलेली नसते. अणू निघून गेलेले असतात. जो सर्वांत वर आलेला, ज्याला शेजारी सर्वांत कमी, त्याच्यापाशी क्षेत्र सर्वांत तीव्र आणि त्याची पकड सर्वांत ढिली. तो आधी आयन होऊन उडतो. तो गेला की त्याचा शेजारी उघडा पडतो, मग त्याची पाळी. थराची कड अशी आत-आत सरकत जाते. पडद्यावर हे दिसते कसे? मधले सर्वांत लहान वर्तुळ आक्रसू लागते. वीस ठिपक्यांचे दहा होतात, दहाचे चार, चारांचा एक, आणि तोही जातो. एक संपूर्ण थर संपला. खालच्या थराचे वर्तुळ आता मध्यभागी असते. याला क्षेत्र-बाष्पीभवन म्हणतात. साधे बाष्पीभवन उष्णतेने होते आणि टंगस्टन वितळायलाच ३,४०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागते. इथे तोच टंगस्टन शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास असताना थराथराने उडतो, निव्वळ क्षेत्राच्या जोरावर.

प्रत्येक धातूचा यासाठी लागणारा क्षेत्राचा उंबरठा वेगळा. टंगस्टनला नॅनोमीटरमागे साधारण ५५ ते ५७ व्होल्ट लागतात, लोखंडाला ३३ ते ३५, तांब्याला ३० च्या आसपास, ॲल्युमिनियमला १९. हेलियमचे चित्र काढायला ४५ लागतात. म्हणजे टंगस्टन हेलियमच्या चित्रासाठी शांत बसतो, पण ॲल्युमिनियमचे चित्र हेलियमने काढायला गेले तर चित्राआधी सुईच विरून जाईल. टंगस्टनपासून सुरुवात झाली ती यामुळेही. मऊ धातूंसाठी निऑनसारखा कमी क्षेत्रात आयन होणारा वायू घ्यावा लागतो.

क्षेत्राने तासलेले असे टोक माझ्या मते माणसाने तयार केलेल्या सर्वांत नेटक्या वस्तूंपैकी आहे. कारण हे घडणे आपोआप दुरुस्त होत जाते. कुठे उंचवटा राहिला तर तिथे क्षेत्र वाढते आणि तो उंचवटा आधी जातो. कुठे खोलगट झाले तर तिथे क्षेत्र कमी पडते आणि तो भाग इतरांची वाट पाहत थांबतो. शेवटी सगळ्या टोकावर अणू उडण्याची गती सारखी होते आणि टोक जवळजवळ गोलाकार येते. ‘जवळजवळ’ म्हणायचे कारण असे, की स्फटिकाच्या काही दिशांना अणू घट्ट धरलेले असतात. तिथे टोक थोडे जास्त वाकलेले किंवा थोडे चपटे राहून तेवढ्यापुरते क्षेत्र कमी-जास्त करून घेते. मिश्रधातूत ही गोष्ट त्रास देते. दोन धातूंचे उंबरठे वेगळे असतील तर चिवट धातूचे कण टेंगळासारखे वर राहतात आणि चित्र वेडेवाकडे होते.

आतापर्यंतची सुई थंडगार होती. थंडीत अणूला दोनच पर्याय : जागेवर बसणे किंवा उडून जाणे. सुई तापवली की तिसरा पर्याय खुला होतो. अणू पृष्ठभागावरून चालू लागतो. आणि इथे क्षेत्राचे वागणे उलटते.

तापलेल्या सुईचे टोक एरवी बोथट होत जाते. पाण्याचा थेंब गोल होतो त्याच कारणाने, म्हणजे पृष्ठताणामुळे, अणू टोकावरून मागे दांड्याकडे सरकतात. क्षेत्राची ओढ याच्या विरुद्ध. १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या टंगस्टनच्या टोकासाठी हिशेब केला तर नॅनोमीटरमागे साडेतीन व्होल्टच्या आसपास दोन्ही बळे तुल्यबळ होतात. क्षेत्र त्याहून कमी असेल तर टोक बोथटते. त्याहून जास्त असेल तर अणू उलट दिशेने, दांड्याकडून टोकाकडे चढू लागतात. स्फटिकाच्या सपाट बाजू रुंदावतात, त्या जिथे भेटतात तिथे धारदार कडा आणि कोपरे तयार होतात. अमेरिकेत ओरेगनमधल्या लिनफील्ड कॉलेजात वॉल्टर डाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात हे बारकाईने अभ्यासले. थंड सुईवर उंचवटे खाऊन टाकणारे क्षेत्र तप्त सुईवर उंचवटे उभारते.

हे अणूच्या पातळीवर कसे घडते, हे दाखवण्याची एक सुंदर रीत गर्ट एर्लिक यांनी १९६० च्या दशकात रुळवली. थंड सुईच्या एका सपाट थरावर एकच सुटा अणू ठेवायचा. त्याचे चित्र घ्यायचे. क्षेत्र बंद करून सुई थोडी तापवायची, पुन्हा थंड करायची आणि परत चित्र घ्यायचे. अणू कुठून कुठे गेला ते कळते. क्षेत्र बंद असताना अणू दिशाहीन भटकतो, कधी इकडे कधी तिकडे. म्युलरचा विद्यार्थी त्येन त्झाउ त्सोंग आणि गॅरी केलॉग यांनी १९७५ मध्ये हाच प्रयोग क्षेत्र चालू ठेवून केला. अणू आता भटकेना. तो थराच्या मध्यापासून कडेकडे चालू लागला, कारण कडेला क्षेत्र जास्त असते आणि क्षेत्राने ताणलेला अणू जास्त क्षेत्राकडे ओढला जातो. असे अणू कडेला जमत गेले की कड उंचावते, कड उंचावली की तिथले क्षेत्र वाढते, आणि वाढलेले क्षेत्र आणखी अणू बोलावते. टोक असे स्वतःला टोकदार करत नेते.

याच गुणाचा उपयोग करून टंगस्टनच्या सुईच्या शेंड्यावर अवघ्या तीन अणूंचा त्रिकोण उभा करतात. आधी गरम अवस्थेत कोपरे उभारायचे, मग थंड करून क्षेत्राने नको ते अणू उडवायचे. हेलियम-आयन सूक्ष्मदर्शकात या तिघांपैकी एका अणूवरून निघणारा हेलियमचा झोत वापरून नमुने पाहतात.

धातू वितळलेला असेल तर अणूंना चालावेही लागत नाही, सगळा द्रवच वाहतो. इंग्लंडमध्ये जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवले, की तीव्र क्षेत्रात वाहक द्रवाचा पृष्ठभाग शंकूचे रूप घेतो आणि शंकूचा अर्धकोन ४९.३ अंश असतो. द्रव कोणताही असो, कोन तोच. गॅलियम हा धातू ३० अंश सेल्सिअसला वितळतो. तो सुईवर पसरवून क्षेत्र लावले की त्याचा टेलर-शंकू होतो आणि शंकूच्या टोकातून गॅलियमचे आयन सुटतात. हा झोत बारीक करून आज प्रयोगशाळांत धातू, खनिज, संगणकातल्या चिप असे काहीही नॅनोमीटरच्या मापाने कापतात. आणि कापतात कशासाठी? बऱ्याचदा नव्या सुया बनवण्यासाठी, ज्यांचे अणू पुन्हा क्षेत्राने उडवायचे असतात.

तेही म्युलरचेच काम. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने जॉन पॅनिट्झ आणि ब्रूक्स मॅक्लेन यांच्यासह अणू-शोधक यंत्र तयार केले. पडद्याला एक बारीक भोक ठेवायचे, हवा तो अणू त्या भोकावर आणायचा, व्होल्टेजचा झटका देऊन तो उडवायचा आणि पोचायला किती वेळ लागला ते मोजायचे. हलका अणू लवकर पोचतो, जड उशिरा. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला टंगस्टनचा आयन दहा हजार व्होल्टवर सेकंदाला पावणेदोनशे किलोमीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटरला त्याला अर्ध्या मायक्रोसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. नुसता ठिपका म्हणून दिसलेला अणू कोणत्या मूलद्रव्याचा आहे, हे आता सांगता येऊ लागले. आजची यंत्रे एका सुईतले कोट्यवधी अणू असे मोजून त्यांचा त्रिमितीय नकाशा मांडतात. पोलादात कार्बन कुठे जमला, विमानाच्या इंजिनातल्या पात्याच्या मिश्रधातूत कोणता अणू कोणत्या सीमेवर बसला, हे त्यातून कळते. चेन्नईत आयआयटी मद्रासमध्ये अशा यंत्राची राष्ट्रीय सुविधा आहे. सुईतून क्षेत्राने इलेक्ट्रॉन काढण्याच्या बाजूने पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दिलीप जोग, महेंद्र मोरे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे काम केले आहे. या विषयाचे मराठी माणसाशी जोडलेले धागेदोरे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

इथवर टोक आपण मुद्दाम केलेले होते. आता अशा ठिकाणी जाऊ, जिथे टोक कुणालाच नको असते आणि तरी ते कुठून तरी येते.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ‘क्लिक’ नावाच्या सरळ रेषेतल्या कण-त्वरकाचा आराखडा अनेक वर्षे तयार होतो आहे. तांब्याच्या पोकळ्यांमधून रेडिओलहरी सोडायच्या आणि त्यांच्या क्षेत्रावर इलेक्ट्रॉनांना वेग द्यायचा. त्वरकाची लांबी कमी ठेवायची तर क्षेत्र जास्त हवे. पूर्ण क्षमतेच्या आराखड्यात ते दर मीटरला १० कोटी व्होल्ट धरले आहे. पोकळीच्या तांब्यावर काही ठिकाणी याच्या दुपटीहून जास्त क्षेत्र पडते. पोकळीत कडक निर्वात असतो, म्हणजे फुटायला हवा नाही. तरीही अधूनमधून ठिणगी पडते, तांब्यावर सूक्ष्म खड्डा होतो आणि त्या क्षणाचा इलेक्ट्रॉनांचा झोत वाया जातो. ठिणग्यांचे प्रमाण क्षेत्राच्या साधारण तिसाव्या घाताने वाढते. क्षेत्र दहा टक्के वाढवले की ठिणग्या सतरापट.

यात कोडे काय आहे ते आकड्यांतूनच दिसते. दर मीटरला २० कोटी व्होल्टच्या क्षेत्राची तांब्यावरची ओढ हवेच्या दाबाच्या दुपटीहूनही कमी भरते. तेवढ्याने तांब्याचे काही बिघडत नाही. पण पृष्ठभागातून गळणारे इलेक्ट्रॉन मोजले आणि फाउलर-नॉर्डहाइमच्या सूत्रात घातले, तर ठिणगीच्या जागी स्थानिक क्षेत्र नॅनोमीटरमागे सुमारे दहा व्होल्ट असल्याचे निघते. म्हणजे पन्नासपट. तिथली ओढ हवेच्या दाबाच्या चार हजार पटीहून जास्त, आणि ती मऊ तांब्याला सहज वाकवू शकते. पन्नासपटीसाठी पृष्ठभागावर काहीतरी उंच आणि सडपातळ उभे असायला हवे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत केलेल्या तांब्यावर शोधले तर तसे काही सापडत नाही.

टोक उभे राहिल्यावर ठिणगी कशी पडते ते बऱ्यापैकी समजले आहे. टोकातून इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वाढतो, टोक तापते, डाइक यांनी टंगस्टनच्या सुईवर दाखवल्याप्रमाणे प्रवाहाची घनता चौरस सेंटिमीटरला दहा कोटी अँपिअरच्या आसपास गेली की टोक फुटते. सुटलेले अणू आयन होतात आणि निर्वातात धातूचाच प्लाझ्मा पेटतो. अडते ते त्याआधीच्या पायरीवर : टोक उगवते कसे?

हेलसिंकी विद्यापीठात फ्लुरा ज्युराबेकोवा आणि त्यांचे सहकारी संगणकात तांब्याचे लाखो अणू मांडून त्यांवर क्षेत्र लावून पाहतात. पृष्ठभागावरचे अणू त्सोंगच्या प्रयोगातल्याप्रमाणे जास्त क्षेत्राकडे सरकतात का, आणि त्यातून मनोरा उभा राहतो का, हा त्यांचा एक धागा. दुसरा धागा धातूच्या आत जातो. स्फटिकात अणूंच्या रांगा कुठे कुठे चुकलेल्या असतात आणि ताण आला की या चुका सरकतात. तांब्याची तार सहज वाकते ती त्यामुळेच. अशा सरकत्या चुका पृष्ठभागाशी येऊन पायऱ्या उठवत असतील, तर टोकाचे बीज आतून येते. सर्नमध्ये २००९ मध्ये वेगवेगळ्या धातूंवर ठिणग्या पाडून पाहिले, तेव्हा कोणता धातू किती क्षेत्र सोसतो याचा त्याच्या स्फटिकरचनेशी संबंध दिसला. तांबे आणि ॲल्युमिनियम यांची रचना एकच, त्यात चुका सहज सरकतात, आणि ते यादीत खाली. टायटॅनियम आणि कोबाल्ट यांची रचना वेगळी, तिथे चुका अडतात, आणि ते वर. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात यिनॉन अश्केनाझी यांच्या गटाने याच सरकत्या चुकांच्या संख्येतल्या चढ-उतारांवरून ठिणग्यांचे प्रमाण मांडणारे गणित केले.

मला स्वतःला हा दुसरा धागा जास्त पटतो, आणि त्याला दोन निरीक्षणांचा आधार आहे. नव्या पोकळीला पूर्ण क्षेत्र लगेच देत नाहीत. रेडिओलहरींची कोट्यवधी स्पंदे देत क्षेत्र हळूहळू चढवतात. पूर्वी समजूत अशी, की प्रत्येक ठिणगी एकेक टोक जाळून टाकते आणि पृष्ठभाग साफ होतो. सर्नच्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या पोकळ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा पोकळीची सहनशक्ती किती ठिणग्या पडल्या यावर ठरत नाही, किती स्पंदे दिली यावर ठरते, असे निघाले. ठोकून ठोकून तांबे कडक होते, तसा क्षेत्राच्या हलक्या ताणाने आतला धातू कडक होत असावा. दुसरे निरीक्षण अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेचे, २०१८ चे. तिथे तांब्याची पोकळी ४५ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली २२८ अंशांपर्यंत थंड केली. त्या थंडीत तिने दर मीटरला २५ कोटी व्होल्टचे त्वरणक्षेत्र सोसले, आणि पृष्ठभागावरचे क्षेत्र ५० कोटींपर्यंत गेले. थंडीत तांब्याचा विद्युतरोध घटतो, त्यामुळे तो स्पंदागणिक कमी तापतो. आणि तो कडकही होतो, त्याच्या आतल्या चुका जागच्या जागी अडकतात. यापुढचे काम मिश्रधातूंवर आणि थंडीवर चालले आहे : तांब्यात किंचित चांदी मिसळून पाहायची, साध्या तांब्याऐवजी कठीण तांबे घ्यायचे, आणि दर वेळी ठिणग्या मोजायच्या.